पिशवी फुटली नाय ना?

ठुशी गळ्याला चिकटून बसते, म्हणून ती गाठ आम्हाला दिसली. गेल्या वर्षीच्या शिमग्याला मी आईच्या मागे उभी राहून तिची ठुशी बांधत होते. दरवर्षी जिथे दोरा ओढून गोंडा थांबतो, तिथे तो येईना. आई म्हणाली, "सुटले असेन गो मी." मी पुढे येऊन तिच्याकडे पाहिलं. तिने आवंढा गिळला आणि उजव्या बाजूचे मणी टुपकन वर उचलले गेले, मग खाली आले. मी तिला पुन्हा गिळायला लावलं. पुन्हा तसंच. ठुशी काढून बोट लावलं तर आवळ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. कातडीखाली, गुळगुळीत, दुखत नव्हतं.

आम्ही वरळी कोळीवाड्यातले. बाहेर बँड वाजायला लागला होता, बायका हाका मारत होत्या. आई म्हणाली, "आज कुणाला बोलू नको." ती ठुशी न घालताच होळीला गेली.

आमच्या घरात मानेतल्या गाठीची भीती नुसती ऐकीव नव्हती. २०१२ साली बाबांच्या गालात आतून एक छाला आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच गालात ते तंबाखूची चिमूट धरायचे. छाला दुखत नव्हता, म्हणून चार महिने कुणी मनावर घेतलं नाही. मग जबड्याखाली एक गाठ आली, दगडासारखी कडक, बोटाने हलवली तर न हलणारी. ती दिसल्यावर आम्ही पळापळ केली. तेव्हा कळलं की ती गाठ म्हणजे आजाराचा दुसरा मुक्काम होता. गालातल्या पेशी लसिकावाहिन्यांच्या वाटेने मानेत पोचल्या होत्या. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे आणि आमच्याकडे त्याचं नाव आजाराचंच नाव झालंय. "टाटाला नेलं" एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. बाबांना टाटाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी, नर्सनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं मनापासून केलं. दोन वर्षांनी बाबा गेले.

त्यामुळे आईच्या मानेला हात लागला तेव्हा माझ्या बोटांना बाबांची गाठ आठवली. आईलाही तीच आठवली असणार. ती बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पाण्याचा पेला दिला आणि मागे उभं राहून गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवली. "मावशी, घोट घ्या." आईने घेतला. "अजून एक." मग मला जवळ बोलावून माझी बोटं तिथे ठेवली. घोटाबरोबर गाठ वर जात होती. "ही थायरॉईडची गाठ. थायरॉईड श्वासनळीला धरून असते, म्हणून गिळताना ती वर सरकते. तुझ्या वडिलांची गाठ अशी सरकत नव्हती." मग त्यांनी मानेच्या दोन्ही बाजूंनी कानापासून हाडापर्यंत चाचपलं. आवाज बदललाय का, गिळताना अडकतं का, उताणं झोपल्यावर दम लागतो का, लहानपणी मानेला कधी शेक दिला होता का, म्हणजे रेडिएशनचा, घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झालाय का, हे सगळं विचारलं. सगळ्याला उत्तर नाही.

रक्ततपासणीत टीएसएच नॉर्मल आला. काकी म्हणाली, "बघ, थायरॉईड नॉर्मल हाय, उगा पोर घाबरवते." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण टीएसएच सांगतो ती ग्रंथी किती काम करतेय ते. तिच्यात वाढलेली गाठ कसली आहे, हे त्या आकड्यात नसतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडे 'थायरॉईड आहे' या दोन शब्दांत त्यांची पार गल्लत होते.

सोनोग्राफी शनिवारी संध्याकाळी झाली. सेंटरचं नाव घेत नाही, पण तिथे जे झालं ते सांगायलाच हवं. खिडकीतून पाकीट मिळालं, पैसे घेतले गेले, पुढचा नंबर पुकारला गेला. मी बसस्टॉपवर पाकीट उघडलं. उजव्या भागात ३.२ सेंटीमीटरची गाठ, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'टायरॅड्स ४'. घरी चुलतभाऊ बसला होता. त्याने कागद घेतला, वाचला आणि हळूच म्हणाला, "चार म्हणजे चौथी स्टेज ना?"

तो वाईट मुलगा नाही. बाबांच्या वेळी आम्ही सगळेच स्टेज हा शब्द शिकलो होतो आणि चार हा आकडा आम्हाला माहीत होता. दादा बोटीवर होता, त्याला फोन लागत नव्हता. रविवारी आई पहाटे उठली नाही. दुपारी उठून तिने बोंबलांची पाटी पुढे ओढली आणि एकेक बोंबील साफ करत बसली. तासाभराचं काम तिने चार तास पुरवलं. मध्येच म्हणाली, "माझे बचत गटाचे पैसे कपाटात खालच्या खणात हायत." मी आत जाऊन रडले.

सोमवारी डॉक्टरांनी कागद वाचून पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "ही स्टेज नव्हे." स्टेज ठरते ती कॅन्सर सिद्ध झाल्यावर, तो कुठवर पोचलाय ते सांगायला. टायरॅड्स हा संशयाचा दर्जा आहे. सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावर गुण देतात. आईची गाठ पाण्याने भरलेली नव्हती, भरीव होती, त्याचे २. आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसत होती, त्याचे २. झाले ४ गुण, आणि ४ ते ६ गुण म्हणजे चौथा दर्जा. मग जे जे नव्हतं त्यावरही त्यांनी बोट ठेवलं. गाठ रुंदीपेक्षा उंच नव्हती. कड वेडीवाकडी नव्हती. आत कॅल्शियमचे बारीक चमकते ठिपके नव्हते. मानेत दुसरी संशयास्पद गाठ नव्हती. "या दर्जाची गाठ दीड सेंटीमीटरच्या वर असली की सुईने तपासायची. तुमची ३.२ आहे. एवढाच या कागदाचा अर्थ."

एवढंच वाक्य शनिवारी खिडकीतून कुणी बोललं असतं, किंवा रिपोर्टाखाली एका ओळीत छापलं असतं, तर आईचा तो रविवार वाचला असता. ते मला अजून माफ करता येत नाही.

सुईचं नाव निघाल्यावर घरात दुसरं वादळ. काकी, आत्या, शेजारची मावशी, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: सुई लावू नका, सुई लागली की ते चवताळतं, अंगभर पसरतं. काकीने बाबांचं उदाहरण दिलं. "भावोजींचा तुकडा काढला आणि मग बघ कसे भराभर गेले."

मी त्या रात्री माळ्यावरची बाबांची फाइल काढली. मानेतल्या गाठीची सोनोग्राफी आधीची होती, तुकडा काढला तो त्यानंतर नऊ दिवसांनी. म्हणजे आजार मानेत पोचलेलाच होता, तुकड्याने फक्त त्याचं नाव कळलं. मी दोन्ही कागद काकीसमोर ठेवले. ती बराच वेळ तारखा बघत राहिली. ज्या माणसाचा आजार उशिरा सापडतो त्याची तपासणी आणि त्याचं जाणं जवळजवळ येतं, आणि मागे उरलेल्यांना तपासणीच दोषी वाटते. मला काकीचा राग नाही. पण या समजुतीपायी आमच्या वाड्यात दोन बायकांनी छातीतली गाठ वर्ष वर्ष अंगावर काढली आहे, म्हणून हे लिहितेय. डॉक्टरांनाही मी विचारलं. त्यांच्या मते थायरॉईडच्या सुईने कॅन्सर पसरणं इतकं विरळा आहे की त्या भीतीने तपासणी टाळणं म्हणजे अंधारात बसणं.

सुईच्या तपासणीला, एफएनएसीला, मी आत आईजवळ थांबले. खांद्याखाली उशी देऊन तिची मान मागे टाकली. सुई रक्त काढतात त्याहून बारीक होती. पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "मावशी, मी सांगेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही." सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या गोलात एक पांढरी रेघ शिरली आणि आतल्या आत थरथरल्यासारखी मागेपुढे झाली. दहा-पंधरा सेकंदं. आईने माझं मनगट इतकं आवळलं की तिच्या बांगड्यांचे वळ उठले. असं तीन वेळा. मॅडमनी सुईतला थेंब काचपट्टीवर टाकला, दुसरी काच त्यावर ठेवून अलगद ओढली, जशी आपण बोटाने हळद फासतो तशी. काही काचा स्पिरिटच्या बरणीत, काही तशाच वाळत ठेवल्या. नमुना पुरेसा ठरायला किमान सहा पुंजके लागतात आणि प्रत्येकात दहा तरी पेशी, हे त्यांनी काच प्रकाशात धरून मला सांगितलं.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. 'बेथेस्डा ४. फॉलिक्युलर निओप्लाझम.' पुन्हा चार! या वेळी मी कागद कुणाच्या हातात दिला नाही. आधी वाचलं. बेथेस्डा हे अमेरिकेतल्या एका गावाचं नाव. २००७ साली तिथे जमलेल्या तज्ज्ञांनी थायरॉईडच्या सुईच्या रिपोर्टसाठी सहा वर्ग ठरवले. पहिला म्हणजे नमुना अपुरा, दुसरा साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. मधले तीन संशयाचे, चढत्या क्रमाने. निओप्लाझम म्हणजे नवी वाढ. साधी की घातक, ते त्या शब्दात नाही.

मला मात्र हे पटत नव्हतं. सुई थेट गाठीत घातली, पेशी काढल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, तरी ठरत कसं नाही? सर्जनकडे गेलो तेव्हा मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "कारण या प्रकारात साध्या गाठीच्या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्या असू शकतात. फरक पेशीत नाही, त्या कुठे आहेत त्यात आहे."

त्यांनी कागदावर गोल काढला. "ही गाठ. तिच्याभोवती हे कवच, पातळ तंतूंचं. आतल्या पेशी वाढतात, गाठ मोठी होते, कवच ताणलं जातं, पण पेशी आतच राहतात. ही साधी गाठ, फॉलिक्युलर अॅडेनोमा." मग गोलाची रेघ एका जागी खोडली आणि तिथून बाहेर बाण काढला. "पेशींनी कवच पार केलं, किंवा कवचातल्या रक्तवाहिनीत शिरल्या, तर तो कॅन्सर. हा प्रकार बहुतेक रक्तातून जातो, हाडात, फुप्फुसात. आता मला सांगा, सुईने मी आतून चार पेशी ओढून काढल्या. कवच मला कुठे दिसलं?"

मी गप्प. आई इतका वेळ कागदाकडे बघत होती. ती म्हणाली, "गाबोळीवाणी हाय."

सर्जन कोळीवाड्यातले नव्हते. आईने त्यांना समजावलं. मासळीच्या पोटात गाबोळी असते ती पातळ पिशवीत असते. पिशवी धड असेल तर दाणे जागच्या जागी, अख्खी गाबोळी हातात येते. पिशवी फाटली असेल तर दाणे पोटभर पसरलेले असतात, आतड्याला चिकटलेले, कितीही धुवा, कुठेतरी राहतातच. "दाणा दोघांचा सारखाच दिसतो, डॉक्टर. तुम्ही सुईने दाणे काढलेत. पिशवी बघायची तर अख्खी गाबोळी काढायला पाहिजे."

सर्जन खुर्चीत पुढे सरकले. "मावशी, मला इतक्या वर्षांत हे असं सांगता आलं नाही," ते म्हणाले. आणि मला वाटतं त्याच क्षणी आईचा ऑपरेशनला होकार झाला.

माझे प्रश्न संपले नव्हते. या वर्गातल्या शंभर गाठी काढल्या तर साधारण सत्तर साध्याच निघतात, असं ते म्हणाले. मग सत्तर जणांचं ऑपरेशन फुकट का? फुकट नव्हे, कारण ते सत्तर कोणते हे गाठ काढल्याशिवाय कळत नाही. ऑपरेशन चालू असतानाच गाठ तपासून घेता येणार नाही का, बाबांच्या वेळी तसं केलं होतं? त्याला फ्रोझन म्हणतात. पण गाठ गोठवून घाईत एक-दोन काप बघितले तर कवचाचा तेवढाच भाग दिसतो. भोक दुसरीकडे असू शकतं. अख्खी कड निवांत तपासायला दिवस लागतात. म्हणून आधी थायरॉईडचा उजवा अर्धा भाग काढायचा, डावा ठेवायचा, आणि रिपोर्ट आल्यावर पुढचं.

आईचा प्रश्न एकच होता: "आवाज जाईल का?" थायरॉईडच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, बहुतेकदा काही आठवड्यांसाठी, क्वचित कायमचा. हे त्यांनी लपवलं नाही. आईचं सगळं पोट तिच्या आवाजावर. मंडईत टोकाला तिची जागा, आणि "ताजी सुरमई बघा ओ" ही हाक दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला ओढून आणते. ऑपरेशनआधी कॅमेऱ्याने स्वरयंत्राच्या दोन्ही पट्ट्या हलताहेत ना ते बघून घेतलं, नंतर तुलना करता यावी म्हणून.

तारीख आईनेच ठरवली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. "बंदीत करू. तसंही घरीच असते." जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस कोसळत असताना, एका छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. दोन तास लागले. सर्जन बाहेर आले, हातात स्टीलचा ट्रे. आपल्याकडे नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. दादाने तोंड फिरवलं. मी बघितलं. लालसर तपकिरी तुकडा आणि त्यात रुतलेली फिकट, तुकतुकीत, गोल गाठ. इतकी नीटस होती की मला तिची भीती वाटेना. बाबांच्या गालातला छाला आठवला, दाण्याएवढा, त्याला ना कड होती ना आकार. जे घातक होतं ते इतकं छोटं होतं आणि हे एवढं मोठं. आकार बघून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं, दोन्ही चूक, हे मला त्या ट्रेसमोर कळलं.

आई शुद्धीवर आल्यावर सर्जननी वाकून विचारलं, "मावशी, सुरमई काय भाव?" आईने डोळे न उघडता, घोगऱ्या पण स्वच्छ आवाजात सांगितलं, "आज बंदी हाय." दादा बाहेर जाऊन रडला.

हॉस्पिटलची स्वतःची लॅब नव्हती. प्लॅस्टिकची बरणी माझ्या हातात दिली, झाकणाला चिकटपट्टी, वर आईचं नाव, वय ५८, 'उजवा भाग'. आत फॉर्मालिनमध्ये ती गाठ. टॅक्सीत मी ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. झाकण घट्ट होतं तरी नाकात झोंबणारा वास येत होता. पाणी तुंबल्याने टॅक्सी रांगत होती. मला एवढंच वाटत होतं की ही सांडता कामा नये, कारण आईचं उत्तर हिच्यात आहे, दुसरं कुठेही नाही.

रिपोर्टला आठ दिवस सांगितले होते. आठव्या दिवशी लॅबमधून फोन आला, अजून चार दिवस लागतील, कवचाच्या एका जागेची शंका आहे, खोलवर काप घेतोय. मी ऑफिसात लोअर परळला होते. फोन ठेवला आणि हिशेबाच्या आकड्यांकडे नुसती बघत राहिले. घरी सांगितलं नाही. आईला सांगितलं की पावसामुळे उशीर होतोय. तिच्याशी एवढी एकच गोष्ट मी खोटी बोलले.

चौथ्या दिवशी मी स्वतःच लॅबमध्ये गेले. सुईची तपासणी केलेल्या त्याच मॅडम. साठीच्या असतील. म्हणाल्या, "बस. तुला दाखवते." त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोघांना बघता येईल अशी सोय होती. मी डोळे लावले.

आधी नुसता गुलाबी-जांभळा धूसर रंग. त्यांनी चाक फिरवलं आणि सगळं लख्ख झालं. असंख्य छोटे गोल, एकाला एक खेटून. प्रत्येक गोलाच्या कडेने जांभळ्या ठिपक्यांची माळ आणि मधे गुलाबी साय. "ठिपके म्हणजे पेशींची केंद्रकं. मधे आहे ते थायरॉईडचं द्रव्य." अगदी गाबोळीच! मी तसं म्हटलंही. मग त्यांनी काच सरकवली. गोल संपले आणि एक गुलाबी पट्टा आला, लांब तंतूंचा, केस विंचरून ठेवावेत तसा. "हे कवच. आता नीट बघ." पट्टा पुढे पुढे सरकत होता. एका जागी तो विस्कटला होता. तंतू तुटलेले, त्यात काही पेशी अडकलेल्या, आणि शेजारी तपकिरी रंगाचे कण.

माझ्या पोटात खड्डा पडला.

"इथे मी अडले होते," मॅडम म्हणाल्या. कॅन्सर कवच पार करतो तेव्हा आरपार जातो आणि पलीकडे अळंबीसारखा पसरतो. इथे तसं दिसत नव्हतं, पण एका कापावर भरवसा ठेवायचा नाही. म्हणून गाठीचा तो तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवला होता, त्याचेच त्यांनी आणखी खोलवर काप घेतले, एकेक काप एका मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका पातळ. बारा-तेरा कापांत ती जागा सरळ रेघेसारखी आत जाताना दिसली. तपकिरी कण म्हणजे जुन्या रक्ताचे डाग. "ही माझ्याच सुईची वाट आहे. मे महिन्यात मी टोचलं, तिथे कवच थोडं फाटलं, रक्त आलं, जखम भरली. आतून कुणी फोडलेलं नाही." बाकीची कड त्यांनी चौदा ठोकळ्यांत पूर्ण तपासली होती. रक्तवाहिन्यांत कुठेही पेशी नव्हत्या.

मी त्यांना विचारलं, हे इतकं बारीक असेल तर साधी आणि घातक यांच्यातली रेघ खरंच आहे का? त्या थोडा वेळ थांबल्या. रेघ आहे, म्हणाल्या, पण ती आम्ही माणसांनी शोधत शोधत आखली आहे आणि कधीकधी ती सरकवावी लागते. थायरॉईडच्याच एका गाठीला पूर्वी कॅन्सर म्हणत. तिच्या पेशींची केंद्रकं कॅन्सरसारखी दिसतात, पण ती कवचातून किंवा आपल्या हद्दीतून बाहेर पडत नाही. अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतल्यावर आजार परतत नाही असं दिसलं, आणि २०१६ साली तिच्या नावातून 'कार्सिनोमा' हा शब्दच काढून टाकला. उलट नावाच्या शेवटी 'ओमा' आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लायपोमा चरबीची साधी गाठ, पण लिम्फोमा आणि मेलानोमा हे कॅन्सरच. आणि साधी म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. मेंदूच्या आवरणातली साधी गाठ कवटीच्या बंद जागेत वाढली तर मेंदू दाबते. तुझ्या आईची गाठ अशीच वाढत राहिली असती तर श्वासनळीवर आली असती.

हे ऐकताना मला बाबांचा छाला पुन्हा आठवला. त्याला कवच नव्हतंच. तो पहिल्या दिवसापासून खाली, बाजूला, मिळेल तिकडे मुळं सोडत होता. तो किती दुखतो, किती मोठा आहे, हे आम्ही बघत बसलो. तो जागा सोडतोय का, हे आम्हाला कुणी बघायला शिकवलं नव्हतं. तोंडातला छाला दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायचा, हे आता आमच्या घरात लहान पोरांनाही माहीत आहे.

रिपोर्ट घेऊन घरी आले तेव्हा आई जाळं शिवणाऱ्या दादाशेजारी बसली होती. गळ्यावर आडवी पट्टी. तिने कागद मागितला नाही. विचारलं, "पिशवी फुटली नाय ना?"

"नाय," मी म्हटलं. मग सुईच्या वाटेचं सांगितलं, आणि चार दिवस खोटं बोलले तेही सांगितलं. खोट्याबद्दल ती काही बोलली नाही. सुईबद्दल मात्र तिने पुन्हा विचारलं, मॅडमना ते ओळखता कसं आलं. जुन्या रक्तावरून, मी म्हटलं. आई म्हणाली, "हां. ताजं-शिळं ओळखता आलं पाहिजे."

काचा आणि ठोकळा आम्ही मागून घेतला आणि परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवला. मत तेच आलं. दीड महिन्याने टीएसएच केला तर थोडा वाढलेला होता. उरलेल्या अर्ध्या भागाला सगळं काम झेपत नव्हतं. रोज एक छोटी गोळी सुरू झाली, उपाशीपोटी. आई ती पहाटे साडेतीनला घेते आणि भाऊच्या धक्क्यावर जाते. चहा तिथे पोचल्यावर.

ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या. पहिले काही दिवस तिची हाक मंडईच्या मध्यापर्यंतच पोचायची. उंच सूर लागत नव्हता. स्वरयंत्राच्या पट्ट्या दोन्ही नीट हलत होत्या, थोडा वेळ द्या म्हणाले. गणपतीच्या आदल्या शनिवारी मी ऑफिस सुटल्यावर मंडईत गेले. जिन्यापाशीच ऐकू आलं, "ताजी सुरमई बघा ओ."

काकीने त्याच महिन्यात मला बाजूला घेऊन स्वतःच्या छातीतली गाठ दाखवली. दोन वर्षं जुनी. मी तिला सोनोग्राफीला नेलं. रिपोर्ट हातात आल्यावर तिने तो न उघडता आईकडे दिला, आणि आईने माझ्याकडे. "आकडा नको सांगू. आधी पूर्ण वाच," आई म्हणाली.